चिंच, मीठ आणि दिनकरभाऊंची होडी

चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मागच्या वेळी हे सांगताना समोरच्या काकूंच्या नाकातून चहा आला आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं. आता नवं खापर ठेवायला माझ्या डोक्यावर जागा नाही!

तर, मी सुमन. शाळा नववीपर्यंत, चौकशा पीएच.डी.पर्यंत. हे माझं म्हणणं नव्हे, आमच्या ह्यांचं. कॉलनीत कुणाकडे टेम्पो आला, कुणाच्या गॅलरीत दोन दिवस धुणं दिसत नाही, कुणाचा जावई येणार होता आणि आला नाही, हे मला कळल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. लोक ह्याला भोचकपणा म्हणतात. मी काळजी म्हणते. असो.

आमची कॉलनी मखमलाबाद रस्त्याला. एक दिवस सकाळी दात घासत गॅलरीत उभी होते. सहज खाली बघितलं. म्हणजे सहज नाही, मी रोजच बघते. तर काय! शेजारच्या दिनकरभाऊंच्या पार्किंगमध्ये, त्यांची स्कूटर असते त्या जागी, चक्क होडी!

होडी हो! आमच्या नळाला पाणी दिवसाआड, आणि पार्किंगमध्ये होडी!

तोंडात ब्रश तसाच, मी खाली.

"भाऊ, हे काय?"

"होडी, वहिनी."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"चालवायला."

"कुठं?"

"पाण्यात."

अशा उत्तरांनी दुसरी बाई परत गेली असती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा टाकला. तो उकळेपर्यंत माझ्याकडे सगळी माहिती जमा!

दिनकरभाऊ वायरमन होते. उभी नोकरी खांबावर चढण्यात गेली, आता रिटायर. त्यांची बहीण जनाक्का धरणाच्या फुगवट्यापलीकडे राहते. नवरा नाही, मुलगी सासरी. एकटी बाई झेंडू लावते. त्या वर्षी पावसात त्यांच्या वाडीचा फरशीपूल वाहून गेला. आता फुलं घेऊन शहरात यायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. आणि झेंडूचं तुम्हाला ठाऊकच आहे. दसऱ्याची सकाळ हाच त्याचा बाजार. दुपारी दोननंतर त्याच झेंडूला गाय सुद्धा तोंड लावत नाही.

म्हणून भावानं जुनी फायबरची होडी आणली. तिला बॅटरीवरची मोटर बसवायची, पुढे दिवा लावायचा, आणि पाण्यातून सरळ अलीकडे यायचं.

"दसऱ्याला जनाची फुलं पंचवटीच्या बाजारात वेळेवर पोचली पाहिजेत," भाऊ म्हणाले. "बाकी मला काही नको."

माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. असा भाऊ कुणाला मिळतो? माझा भाऊ राखीला येताना पेट्रोलचं रडगाणं सांगतो.

पुढचे पंधरा दिवस भाऊ त्या होडीत बसून तारा जोडत होते. मीही रोज शेजारी स्टूल टाकून बसायची. हातात निवडायला मेथी, तोंडात प्रश्न.

"भाऊ, तारेला ही रबरी बाही कशाला?"

"स्लीव्ह आहे ती. गरम केली की आवळून बसते. आतून गोंद असतो, थेंब शिरत नाही."

"आणि ह्या पेटीत हे चिकट चिकट काय फासलंय?"

"जेली. ही पितळेची टोकं आहेत ना, त्यांना हवा-पाणी लागू नये म्हणून. पाणी लागलं की कळंक चढतो, करंट चालू असला तर एका रात्रीत चढतो, आणि कळंक चढला की करंट जात नाही. घरात जोड बिघडला तर दिवा जातो, वहिनी. पाण्यात जोड बिघडला तर माणूस मधेच अडकतो."

"अगंबाई! आणि ह्या तारा अशा खाली लोंबताहेत त्या?"

"मुद्दाम पोट सोडलंय त्यांना. पाणी तारेवरून घरंगळत येतं. तार वरून सरळ पेटीत नेली तर पाणीही तिच्याबरोबर आत. खाली असं पोट ठेवलं की थेंब तिथंच गळून पडतो."

बघा, किती सोपं करून सांगितलं! पहिलीतल्या पोराला कळेल.

"हो का! बरोबर, बरोबर!" मी म्हटलं.

आता खरं सांगते. नेमका त्याच वेळी समोरच्या बंगल्याच्या फाटकात कुरियरवाला उभा होता. हातात हे एवढं मोठं खोकं! त्यांच्याकडे आधीच फ्रिज आहे, ओव्हन आहे, मग आता काय आलं? मी मान वाकडी करून खोक्यावरचं चित्र बघत होते. भाऊ बोलत होते आणि मी मधे मधे 'हो का' टाकत होते. आमटीत गूळ टाकावा तसा, अंदाजानं. प्रश्न माझे, उत्तरं वाऱ्यावर.

तो कुरियरवाला लक्षात ठेवा.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड-पितळ घासूनपुसून पूजेला मांडतात. विळी, कोयता, पाना, पक्कड, माझं शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर. मिक्सरला सुद्धा कुंकू लागतं. मी सकाळी सातपासून घासत होते. अंगात घासायचा जोर चढला होता म्हणा ना!

तेवढ्यात मंदाताईंची हाक. "सुमनताई, गुडघा फार दुखतोय हो. हे बॅटरी चार्ज करून आणायला गेलेत. दुपारी टेम्पो येणार, होडी धरणावर न्यायला. तेवढी वरून पुसून घेता का? पूजा करायची आहे."

'वरून' म्हणाल्या होत्या त्या. मला चांगलं आठवतंय. माझ्याच बाजूची साक्ष द्यायची असती तर कदाचित विसरले असते.

बादली घेतली, फडकी घेतली, होडीत चढले. वरून पुसलं. मग मागच्या फळीखाली पुसायला नको का? फळी उचलली. खाली ती पेटी. झाकणाचे चार स्क्रू नुसते अडकवलेले. उघडावी की नको, असा प्रश्न मला जन्मात कधी पडलेला नाही. तेव्हाही पडला नाही.

झाकण काढलं आणि मी हबकलेच!

शी शी शी! आत सहा पितळी खिळे, आणि सगळ्यांवर तो चिकट राडा. तुपाची बरणी उलटून कुणी पुसायला विसरलंय जसं! वर धूळ बसलेली. त्यात एक मुंगी मरून पडलेली. म्हटलं, अरे देवा! बाहेरून होडी राजाच्या रथासारखी आणि आत हे? आज नवमी, देवी काय बाहेरूनच बघून जाणार आहे? पुरुषांचं काम शेवटी पुरुषांचंच काम!

पदर खोचला. राडा फडक्यानं निघेना, मग भांड्याचा साबण घेतला. साबणानं राडा गेला, पण खाली पितळ काळपट. आता काळपट पितळ बघून माझा हात थांबेल का? तुम्हीच सांगा! घरी गेले, फळीवरचा चिंचेचा गोळा आणला, मूठभर मीठ आणलं, आणि जी घासायला लागले ते समया घासतात तशी घासली ती टोकं. कानाकोपऱ्यातून बोट फिरवलं. एकेका खिळ्यात माझं नाक दिसायला लागलं.

मग लक्ष गेलं तारांकडे. कासोटा सुटल्यासारख्या लोंबत होत्या. पूजेच्या दिवशी हे असं? देवघरातला लाल नाडा आणला आणि सगळ्या तारा वर ओढून, होडीच्या दांडीला ताठ बांधल्या. आता कशा सरळ रेषेत, शाळेतल्या पोरांसारख्या, वरून थेट पेटीत! सहाही खिळ्यांना कुंकवाचं बोट लावलं. आत एक झेंडूचं फूल ठेवलं. झाकण लावून स्क्रू असे आवळले की ह्यांचा पेचकस वाकला.

खाली उतरून लांबून बघितलं. खरं सांगते, ऊर भरून आला.

तासाभरानं भाऊ बॅटरी घेऊन आले. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, मंदाताई आरती घेऊन उभ्या. भाऊंची नजर नाड्यावर गेली.

"हे काय? तारा कुणी बांधल्या?"

"पूजेचा नाडा आहे, भाऊ," मी ठणकावलं. "दसरा होईपर्यंत सोडायचा नाही. अपशकुन होतो!"

"अहो पण वहिनी, ते पोट..."

"राहू द्या हो एक दिवस," मंदाताई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी कशाला वाद?"

चालू तारेच्या खांबावर चढणारा माणूस, पण दोन बायकांपुढे गप्प झाला. पेटीचे स्क्रू आवळलेले बघून "मीच आवळले वाटतं" असं पुटपुटला आणि टेम्पोत बसला. संध्याकाळी धरणावर मोटर चालवून बघितली म्हणे. छान चालली. चालणारच! घासली कुणी होती?

रात्री होडी काठाला बांधून ठेवली. सकाळी घाई नको म्हणून बॅटरीही जोडूनच ठेवली. राखणीला रामदास. हा तिथलाच वल्ह्याची होडी चालवणारा माणूस. आणि रात्री पावसाची एक सर येऊन गेली. माझ्या घराच्या पत्र्यावर ती वाजली तेव्हा मी कूस बदलून म्हटलं, बरं झालं, होडी आणखी स्वच्छ होईल.

दसऱ्याला पहाटे मी भाऊंच्या स्कूटरमागे हजर. आमचे हे पांघरुणातून म्हणाले, "तुझं तिथं काय काम?"

"कॉलनीला फुलं नकोत?"

"कोपऱ्यावर मिळतात."

"ताजी नाही मिळत!"

आणि सणाचा दिवस, म्हणून मी येवल्याची पैठणी नेसले होते. तिच्यावर भाऊंनी ते तरंगायचं भगवं जाकीट चढवलं. पदर नाही, काठ नाही, मोर नाही, काही म्हणून दिसेना. गॅसच्या सिलिंडरला साडी नेसवल्यासारखी मी होडीत बसले.

काठावर रामदास मिशरी लावत उभा. मोटरकडे बघून म्हणाला, "मोटरचं काय, भाऊ, आज हाय उद्या नाय. वल्हं कधी बंद पडत नाय बगा."

हे वाक्य मी मनात लिहून ठेवलं.

जाताना होडी कशी गेली म्हणता! पाण्यावर धुकं, पुढे दिवा, आणि मी सिलिंडर. पलीकडे जनाक्का वाट बघत उभी. बारकी, काटक बाई. रात्रभर खुडलेली फुलं क्रेटांत भरून तयार. दवानं आणि पावसानं निथळत होती. आम्ही तिघांनी क्रेटांवर क्रेटं चढवली. फुलांचं पाणी टपटप तारांवर, तारांवरून सरसर पेटीकडे. मी ते बघितलं सुद्धा! म्हटलं, वा, अभिषेकच चाललाय.

परत निघालो. जनाक्काही संगती. मधोमध आलो आणि पुढचा दिवा एकदा मिचमिचला.

"गुर्रर्र... गुर्र... गु..."

आणि मोटर गप्प.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्या घरात मी असते, मला कुठून ऐकू येणार?

भाऊंनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. त्यांचा चेहरा पांढरा.

"दादा, काय झालं?" जनाक्कानं क्रेट दोन्ही हातांनी धरलं होतं, कुणी काढून नेईल असं.

"बघतो. थांब."

तेवढ्यात काठावरच्या टेम्पोवाल्याचा फोन. भाऊंनी स्पीकरवर टाकला. "भाऊ, कुठं हाय तुम्ही? बाजार भरला! गिऱ्हाईक उभं हाय!"

"लय उशीर झाला तर काय करू मी यांचं?" जनाक्का हळूच म्हणाली. "चार म्हयने झाडाला पोरासारखं जपलं. उद्या उकिरड्यात टाकू?"

मला तर असा संताप आला! एवढं स्वच्छ केलेलं मशीन बंद पडेलच कसं? काल संध्याकाळी चालत होतं. सकाळी जाताना चालत होतं. मधे काय झालं? मधे झाली रात्र! रात्री होडीजवळ कोण होतं? डोक्यात असा लख्ख उजेड पडला म्हणता! टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरला सुद्धा इतक्या लवकर पडत नाही.

"भाऊ, हा घातपात आहे!"

"काय?"

"घातपात! तो रामदास! 'आज हाय उद्या नाय' म्हणाला होता. माझ्या समोर म्हणाला!"

"वहिनी, बसा खाली, होडी हलतेय."

मी कसली बसतेय! तेवढ्यात धुक्यातून चुबुक चुबुक वल्हं मारत रामदासच आला. मोटरचा आवाज बंद झालेला ऐकून बिचारा धावत आला होता. हातात दोर.

"धरा मावशी, दोर टाकतो!"

"टाकू नकोस!" मी ओरडले. "आधी कबूल कर!"

"काय कबूल करू?"

"रात्री काय केलंस ह्या होडीला? एका विधवा बाईच्या फुलांवर उठलास? दसऱ्याच्या दिवशी? लाज नाही वाटत?"

रामदासच्या हातातला दोर हातातच राहिला. जनाक्का तोंडाला पदर लावून बघायला लागली. भाऊ पेटीचे स्क्रू काढायला बसले, तर मी त्यांच्यावर पण झेपावले.

"हात लावू नका! ठसे असतील!"

"वहिनी, बाजूला व्हा."

"पोलीस येईपर्यंत पेटी उघडायची नाही! ज्यानं ह्या पेटीला हात लावलाय ना भाऊ, त्याची धिंड काढली पाहिजे भर बाजारातून!"

हे वाक्य धरणाच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं असेल. आवाज माझा पहिल्यापासून चांगला.

भाऊंनी झाकण काढलं.

आत पाणी साचलेलं. त्या पाण्यात माझं झेंडूचं फूल तरंगत होतं. सहाही खिळ्यांवर हिरवा-निळा कळंक असा चढला होता, जसं बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आठवडाभर ताक ठेवलंय. आणि त्या कळंकावर, अजून थोडं थोडं दिसणारं, कुंकू.

भाऊंनी बोटानं खिळ्याच्या बुडाशी चिकटलेलं काहीतरी काढलं. वास घेतला. चिंचेचा चोथा.

रामदासनं वाकून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, म्या वाईट करायला गेलो असतो, तर आधी हळदकुंकू लावून कशाला केलं असतं?"

भाऊंनी चोथा माझ्यापुढे धरला. "वहिनी, ही चिंच कुठली?"

काय सांगू? वाटलं, जाकीट काढावं आणि पाण्यात उडी मारावी.

"आमच्या... फळीवरची," मी म्हटलं.

"आणि जेली?"

"पुसली. मुंगी मेली होती हो तिच्यात."

"मीठ पण घातलंत का?"

"मूठभरच."

भाऊ ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी नाड्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता हा सोडू का? की अजून अपशकुन आहे?"

"सोडा, भाऊ," मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच ओळखीचा वाटेना.

आणि बघा, ज्याची धिंड काढणार होते तोच आमची होडी ओढायला लागला! रामदासनं दोर बांधला आणि दोन होड्यांचं ओझं एका वल्ह्यावर घेतलं. इकडे भाऊंनी पक्कड काढली, तारांची खराब टोकं कापली, नवी सोलली, पेटीला वगळून तार थेट तारेला जोडली. मी ब्लाउजमधला रुमाल काढून टोकं कोरडी केली. विचारून! भाऊ म्हणाले "पुसा" तेव्हाच पुसली.

"आता वरून लावायला जेली हवी होती," भाऊ म्हणाले. "डबा घरी राहिला."

मी गुपचूप पर्स उघडली. ओठांना लावायची डबी काढून दिली. गुलाबाच्या वासाची, भाचीनं दिलेली, सणासुदीला जपून वापरत होते. भाऊंनी सगळीच्या सगळी त्या जोडांना फासली, वरून टेप गुंडाळली, आणि तारांना खाली पोट सोडलं.

"कळलं का, पोट कशाला?"

"कळलं," मी म्हटलं. एका हातानं नाक पुसत होते, दुसऱ्या हातानं होडीतलं पाणी उपसत होते.

बटण दाबलं. गुर्रर्रर्र! जनाक्कानं मोटरलाच हात जोडले.

पण व्हायचा तो उशीर झालाच. पंचवटीत पोचलो तर ठोक गिऱ्हाईक दुसऱ्याची फुलं घेऊन गेलं होतं. गल्लीत झेंडूचे ढीगच ढीग. जनाक्का क्रेटाशेजारी मटकन बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मग म्हटलं, सुमन, ह्या तोंडानं घोळ घातलास, आता ह्याच तोंडानं निस्तर!

उभी राहिले गल्लीच्या तोंडाशी. "ओ ताई! तोरण केलं का? नाही? मग घरी जाऊन काय सांगणार? सासूबाई आहेत का घरात? अगं मग घे की दोन किलो! दादा, गाडीला हार? मागच्या वर्षी कुठून घेतला होता? दोन दिवसांत सुकला ना? बघा! हा घ्या, पाण्यावरून आलाय!" येईल त्याला अडवायचं, घरची चौकशी करायची आणि पिशवी हातात द्यायची. लोक थांबून थांबून बघत होते. मला वाटलं, माझ्या बोलण्याला भुलले. नंतर कळलं, मी ते भगवं जाकीट काढायचंच विसरले होते. पैठणीवर जाकीट, कपाळाला कळंक. कुणाला वाटलं, पूर आलाय की काय!

पण एक वाजेपर्यंत फुलं संपली. सगळी! एक क्रेट तेवढं मी बाजूला काढलं होतं. ते संध्याकाळी घेऊन धरणावर गेले, तिथंच बसून हार ओवले आणि रामदासच्या होडीला स्वतःच्या हातानं बांधले. आपट्याची पानं त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "सोनं घे बाबा. मावशीला माफ कर."

तो म्हणाला, "मावशी, हार पोट सोडून बांधा. ताठ नको."

इथंच संपलं असतं तर बरं होतं. संपलं नाही.

दिवाळीआधी भाऊंनी होडी पुन्हा पार्किंगमध्ये आणून तिच्यात एक नवी पेटी बसवली. मागच्या फळीवरच, अगदी हाताशी. झाकणाला कडी, उघडायला सोपी. आत सहा पितळी खिळे, कोरे करकरीत. भाऊंनी मला बोलावून घेतलं, पेटी दाखवली, काहीतरी दोन-चार मिनिटं बोलले, आणि म्हणाले, "ही तुमची, वहिनी. हवी तेवढी घासा."

माझ्यावर एवढा विश्वास! मला भरून आलं. तेव्हापासून भाऊंबरोबर दर महिन्याला धरणावर जायचं, पेटी उघडायची, चिंच-मीठ लावून लख्ख करायची. कुंकवाचं बोट. होडी वर्षभर एकदाही बंद पडली नाही. अख्ख्या कॉलनीला सांगत होते मी, जनाक्काची फुलं वेळेवर पोचतात त्यात थोडा आपलाही हात आहे!

परवाच्या खंडेनवमीला काठाला बांधलेल्या होडीत पेटी घासत बसले होते. रामदास शेजारी मिशरी लावत उभा.

"बघ रामदास, इतकी घासते पण कळंक म्हणून नाही!" मी म्हटलं. "मागच्या वर्षी एका रात्रीत चढला होता. माझा हात बसलाय आता."

त्यानं मिशरीची पिंक टाकली. मग म्हणाला, "मावशी, एक विचारू? या पेटीला तार कुठं हाय?"

मी पेटीच्या उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. वाकून खाली बघितलं. दोन स्क्रूंवर बसवलेली रिकामी पेटी! ना तार आत, ना तार बाहेर. खऱ्या जोडांची पेटी पुढे, भाऊंच्या पायाशी, कुलपात.

तशीच तरातरा काठावर पेपर वाचत बसलेल्या भाऊंकडे गेले. "भाऊ! वर्षभर मला फसवलंत?"

भाऊ पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "फसवलं कसं? पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं, वहिनी. रिकामी आहे, तुमच्यासाठीच केलीय, खऱ्या पेटीला हात लावू नका. तुम्ही चार वेळा 'हो का' म्हणालात."

मी आठवून बघितलं. आणि आठवलं हो!

त्या दिवशी समोर पुन्हा कुरियरवाला आला होता.